मजकूर बदलून बदलून थकलात, तरी वेबसाइटवरून चौकशी येत नाही?

तक्रार ठरलेली असते. वेबसाइटवर माणसं येतात, भेटींचे आकडे बरे दिसतात, पण फोन वाजत नाही आणि चौकशीचा फॉर्म कोणी भरत नाही. मग बैठकीत कोणीतरी म्हणतं, मजकूर फारच जुनाट झालाय, नव्याने लिहून घेऊ. नवा मजकूर येतो, सगळ्यांना आवडतो, पान चकचकीत दिसायला लागतं. काही महिन्यांनी पुन्हा तीच बैठक आणि तीच तक्रार, फक्त लिहिणारा बदललेला.

हे चक्र कुठे अडकतं ते आधीच सांगतो. लिहिणाऱ्याच्या हाती जो ऐवज दिला जातो, त्यात वाचकाच्या प्रश्नांची उत्तरंच नसतात. उत्तरं नाहीत म्हटल्यावर तो बिचारा रिकाम्या जागा विशेषणांनी भरतो: अग्रगण्य, सर्वोत्तम, विश्वासार्ह, अत्याधुनिक. पुढच्या खेपेला येणारा लेखक ही विशेषणं काढतो आणि आपल्या आवडीची घालतो. रिकाम्या जागा तशाच राहतात. एआय टूलकडून लिहून घेतलं तरी यात फरक पडत नाही. माहिती न देता ‘आकर्षक मजकूर लिहून दे’ म्हटलं की तेही हेच करतं, फक्त जास्त झटपट.

तेव्हा नवा लेखक शोधायच्या आधी पुढच्या गोष्टी तपासून बघा. क्रम शक्यतो हाच ठेवा.

मजकुराचाच दोष आहे हे कशावरून?

पहिली तपासणी अगदी बाळबोध आहे आणि बहुधा म्हणूनच कोणी करत नाही. ऑफिसचं वायफाय बंद करा, स्वतःच्या मोबाइलवर वेबसाइट उघडा आणि चौकशीचा फॉर्म स्वतः भरा. मग तो मेल कुठे पोहोचतो ते शोधा. कधी तो स्पॅममध्ये पडलेला असतो. कधी नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या इनबॉक्समध्ये जात असतो. कधी एखादं प्लगइन (वेबसाइटला जोडलेला छोटा प्रोग्राम) अपडेट झाल्यापासून फॉर्म ‘धन्यवाद’ म्हणतो, पण मेल पाठवतच नाही. फोन नंबरवर बोट टेकवल्यावर डायलर उघडतो का, की तो नंबर एका चित्रात रंगवलेला आहे, हेही बघा. यातलं काही सापडलं तर मजकुराला हात लावायची गरज नाही.

दुसरी तपासणी म्हणजे आलेली माणसं काय शोधत आली होती ते बघणं. गुगल सर्च कन्सोल या वेबसाइटमालकांसाठीच्या टूलच्या परफॉर्मन्स रिपोर्टमध्ये लोकांनी शोधताना काय टाइप केलं होतं ते दिसतं. समजा तुमचं काम बंद पडलेल्या हार्ड डिस्कमधला डेटा काढून द्यायचं आहे. आणि येणाऱ्यांपैकी बरेचजण ‘डिलीट झालेले फोटो फुकट कसे परत मिळवायचे’ असं शोधून तुमच्या एका जुन्या लेखावर उतरतायत. हे लोक पैसे देऊन सेवा घ्यायला आलेलेच नाहीत. मुख्य पानाचा मजकूर कितीही धारदार केलात तरी ते लेख वाचून निघून जाणार, आणि त्यात गैर काही नाही. अशा वेळी भेटींचा एकूण आकडा बाजूला ठेवा आणि फक्त सेवेच्या पानावर आलेल्यांचा हिशोब करा. कित्येकदा तो आकडा इतका छोटा निघतो की चौकशी का येत नाही हे वेगळं विचारावं लागत नाही.

फॉर्म चालतोय आणि योग्य माणसं येतायत अशी खात्री झाली, की मग मजकुराकडे वळायचं.

‘आम्ही’ने सुरू होणारा परिच्छेद

डेटा रिकव्हरीचंच उदाहरण पुढे नेतो. अशा सेवेच्या पहिल्या पानावर साधारण हे वाचायला मिळतं:

‘आम्ही डेटा रिकव्हरी क्षेत्रातील अग्रगण्य सेवा पुरवठादार आहोत. अत्याधुनिक तंत्रज्ञान आणि अनुभवी तज्ज्ञांच्या साहाय्याने ग्राहकांना सर्वोत्तम दर्जाच्या विश्वासार्ह सेवा पुरवणे हेच आमचे ध्येय आहे.’

व्याकरणाची चूक यात नाही. आता ‘डेटा रिकव्हरी’ हे दोन शब्द खोडून तिथे ‘पेस्ट कंट्रोल’ लिहा. परिच्छेद बिनबोभाट चालतो. जो मजकूर कोणाच्याही धंद्याला जसाच्या तसा बसतो, त्यातून तुमच्याबद्दल कोणाला काय कळणार?

समोर वाचणारा माणूस या क्षणी घाबरलेला आहे. डिस्कमध्ये त्याचा प्रबंध आहे, किंवा मुलीच्या जन्मापासूनचे फोटो आहेत. डिस्क टकटक आवाज करतेय आणि तो ती पुन्हा पुन्हा चालू करून बघतोय. फाइली मिळतील का? किती दिवस लागतील? नाही मिळाल्या तरी पैसे द्यायचे का? तिथला माणूस माझे खासगी फोटो उघडून बघेल का? आणि मुख्य म्हणजे, मी आत्ता या घडीला काय करू? वरच्या परिच्छेदात यातल्या एकाही प्रश्नाला उत्तर नाही. उत्तरं दिली तर मजकूर काहीसा असा होईल:

‘डिस्कमधून टकटक आवाज येतोय? ती लगेच बंद करा आणि पुन्हा चालू करून पाहू नका. डिस्क आमच्याकडे आल्यावर आम्ही तपासतो आणि कोणत्या फाइली परत मिळतील याची यादी तुम्हाला पाठवतो. यादी पाहून तुम्ही हो म्हणालात की काम सुरू. त्यातल्या फाइली देता आल्या नाहीत तर पैसे नाहीत. डेटा तुमच्या हाती पडल्यानंतर आमच्याकडची प्रत सात दिवसांनी पुसली जाते.’

यात शैलीचा झगमगाट कुठेच नाही. पण पहिल्याच ओळीत वाचकाला कामाची गोष्ट मिळाली. डेटा वाचणारं आतलं हेड बिघडलेली डिस्क चालू ठेवली तर ते तबकडीवर घासून नुकसान वाढू शकतं, त्यामुळे ही सूचना शोभेची नाही. पुढे काहीही न करता तो निघून गेला तरी त्याचा फायदाच झालाय. ‘विश्वासार्ह’ हा शब्द एकदाही न येता विश्वास बसायला सुरुवात होते ती इथे.

आता या मजकुरातली कुठली गोष्ट लेखकाला घरबसल्या सुचली असती? एकही नाही. यादी आधी पाठवतात, नंतर होकार घेतात, प्रत सात दिवसांनी पुसतात, हे काम करणाऱ्यांनाच माहीत असतं. आणि त्यांच्या दृष्टीने ते इतकं रोजचं असतं की वेबसाइटवर सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटतच नाही. म्हणून दुरुस्तीची जागा म्हणजे फोन उचलणाऱ्या माणसाच्या शेजारची खुर्ची. त्याला विचारा: लोक पहिला प्रश्न कोणता विचारतात? काय सांगितल्यावर ‘बरं, पाठवतो’ म्हणतात? कशावर गप्प होतात आणि ‘कळवतो’ म्हणून फोन ठेवतात? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात मोलाचं, कारण फोनवर जिथे माणूस गळतो तिथेच तो पानावरही गळतो, फक्त पानावर ते दिसत नाही.

सोबत जुने मेल आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप चाळा, आणि लोकांचे शब्द आहेत तसे उतरवून घ्या. इंजिनिअर ज्याला ‘लॉजिकल फेल्युअर’ म्हणतो त्याला ग्राहक ‘डिस्क दिसते पण उघडत नाही’ म्हणतो. मथळ्यात ग्राहकाचं वाक्य हवं. इंजिनिअरचा शब्द खाली तपशिलात कुठेतरी चालेल.

कधीकधी एखाद्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मालकच तयार नसतो. बहुतेकदा तो प्रश्न पैशांचा असतो: ‘दर संपर्क केल्यावर कळवू.’ दर सांगता येत नसतील तर निदान ते कशावर ठरतात ते सांगा. बिघाड डिस्कच्या आत आहे की बाहेरच्या सर्किटमध्ये, डिस्कची क्षमता किती, घाई आहे का. एवढंही सांगायचं नसेल तर तो धोरणाचा प्रश्न झाला आणि कुठलाही लेखक तो सोडवू शकत नाही. हे तोंडावर सांगायला अवघड जातं, पण सांगावं.

‘पण लोक वाचतच नाहीत ना’

हे वाक्य बैठकीत येतंच, आणि त्याच्या जोरावर मजकूर तीन शब्दांच्या घोषणांवर आणला जातो. त्याचं मूळ बघण्यासारखं आहे. १९९७ साली वेबसाइट वापरायला किती सोप्या आहेत याचे अभ्यासक जेकब नीलसन यांनी जॉन मॉर्क्स यांच्यासोबत केलेल्या अभ्यासातले निष्कर्ष प्रसिद्ध केले. चाचणीतले ७९ टक्के लोक कुठलंही नवं पान उघडलं की नुसती नजर फिरवत होते. शब्दन्‌शब्द वाचणारे १६ टक्के होते. हे आकडे सगळ्यांना पाठ असतात.

त्याच अभ्यासाचा दुसरा भाग कमी लोक सांगतात. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याच्या पर्यटनाची माहिती देणारी एकच वेबसाइट त्यांनी पाच तऱ्हांनी लिहिली. मूळ आवृत्ती जाहिरातबाज होती, जगप्रसिद्ध स्थळं आणि दरवर्षी लोटणारी गर्दी अशा थाटाची. एका आवृत्तीत शब्द जवळजवळ निम्मे केले, तर मोजलेली वापरसुलभता ५८ टक्क्यांनी वाढली. एकीत मांडणी नजर फिरवणाऱ्यासाठी सोयीची केली, तिथे ४७ टक्के. एकीत ना फार काटछाट, ना मांडणी बदलली. फक्त फुशारकी काढून साधी भाषा ठेवली, तरी २७ टक्के. तिन्ही गोष्टी एकत्र केल्यावर १२४ टक्के.

मला यातले २७ टक्के सगळ्यात बोलके वाटतात. नीलसन यांचं स्पष्टीकरण असं होतं की फुशारकी वाचताना माणसाला ती गाळून तथ्य वेगळं काढावं लागतं आणि त्यात त्याची शक्ती जाते. म्हणजे ‘सर्वोत्तम’ हा शब्द नुसता निरुपयोगी नसतो, तो वाचकाला कामाला लावतो. आणि हेही लक्षात घ्या की पाचही आवृत्त्यांत सांगायला स्थळं, नावं, आकडे होते. तथ्यंच नसलेला मजकूर निम्मा केला तर हाती निम्मी पोकळी येते.

इंग्रजी ‘एफ’ अक्षराच्या आकारात नजर फिरते हे २००६ सालच्या नजर-मागोव्याच्या, म्हणजे डोळे पानावर कुठे फिरतात ते टिपणाऱ्या, अभ्यासातलं निरीक्षणही असंच अर्धवट वापरलं जातं. ते मांडणीचं नियमपुस्तक नाही. उपशीर्षकं नसलेल्या सलग मजकुरात लोक तसे घसरत जातात, म्हणजे ती मांडणीबद्दलची तक्रार आहे.

मराठीत नकार शेवटी येतो

मराठी पान असेल तर ही तपासणी जरूर करा. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी आणि नकार त्याच्याही नंतर. हे वाक्य घ्या: ‘तपासणीनंतर काम पुढे न नेण्याचा निर्णय आपण घेतल्यास तपासणीचे कोणतेही शुल्क आकारले जात नाही.’ मोबाइलवर याच्या तीन-चार ओळी होतात. नजर ओळींच्या सुरुवातीवरून खाली जाते, आणि वाचकाच्या हाती लागतं ‘तपासणी’, ‘काम न नेण्याचा’, ‘शुल्क’. अर्थ बरोबर उलटा पोहोचला. त्याऐवजी ‘तपासणी मोफत. काम करायचं की नाही ते नंतर ठरवा.’

ब्रिटिश सरकारच्या गव्ह डॉट यूके या वेबसाइटच्या लेखनसूचनांत २५ शब्दांहून लांब वाक्य टाळायला सांगितलं आहे. इंग्रजीत क्रियापद लवकर येतं, तिथे ते ठीक. मराठीत मला ही मर्यादा सैल वाटते. क्रियापदासाठी २५ शब्द थांबायला लावलं तर वाचक सुरुवात विसरतो. बारा-पंधरा शब्दांत वाक्य संपवा, आणि जो शब्द नजरेतून सुटला तर अनर्थ होईल तो पहिल्या ओळीत आणा.

जाता जाता: बटणावरचा मजकूर मराठीत टाकल्यावर वेलांट्या आणि रफार वरून कापले जात नाहीत ना, ते खऱ्या फोनवर बघा. लॅटिन अक्षरांसाठी ठरवलेली ओळींची उंची देवनागरीला अपुरी पडते.

बटणापाशी येऊन माणूस परत फिरतो

पान शेवटपर्यंत वाचलं जातं, फॉर्म उघडलाही जातो, आणि तिथून माणूस निघून जातो. ॲनालिटिक्समध्ये, म्हणजे भेटींच्या नोंदींत, असं दिसत असेल तर बटणाचा रंग बदलायची चर्चा कोणीतरी काढेलच. तिला थारा देऊ नका.

वेबसाइटच्या वापरसुलभतेचे अभ्यासक जेरेड स्पूल यांनी २००९ मध्ये लिहिलेली एका मोठ्या ऑनलाइन विक्रेत्याची हकीकत इथे उपयोगी आहे. पैसे भरायच्या आधी एक फॉर्म यायचा आणि त्यावर ‘रजिस्टर’ असं बटण होतं. पहिल्यांदा येणारे खातं उघडायला नाखूश, आणि जुन्यांना आपला पासवर्ड आठवत नाही. ते बटण काढून ‘कंटिन्यू’ ठेवलं आणि शेजारी साधा खुलासा दिला, की खरेदीसाठी खातं उघडायची गरज नाही. खरेदी करणारे ४५ टक्क्यांनी वाढले. बरेचजण यातून ‘कंटिन्यू’ हा जादूचा शब्द असल्यासारखं शिकतात. माझ्या मते काम केलं ते शेजारच्या खुलाशाने आणि गेलेल्या सक्तीने.

तेव्हा तुमच्या फॉर्मपाशी कोणती भीती आडवी येते ते शोधा आणि तिचं उत्तर बटणाला चिकटून लिहा. डेटा रिकव्हरीच्या फॉर्मवर ‘सबमिट’ऐवजी ‘डिस्कची माहिती पाठवा’, आणि खाली ‘डिस्क आत्ता पाठवायची नाही. आधी आम्ही फोन करू.’ फोन खरोखर करणार असाल तरच, अर्थात.

गुगलसाठी लिहिलेला मजकूर

यावर फार वेळ घालवणार नाही. पानाच्या कोडमध्ये शोधशब्दांची यादी देणारा ‘मेटा कीवर्ड्स’ हा टॅग क्रमवारीसाठी वापरत नाही हे गुगलने २००९ मध्येच जाहीर केलं. तरी तो भरून घेण्यात अजून लोकांचे तास जातात. एकच शब्दप्रयोग प्रत्येक वाक्यात कोंबणं गुगलच्या स्पॅम धोरणात बसतं, म्हणजे फायद्याऐवजी तोटा. मेटा डिस्क्रिप्शन, म्हणजे शोधनिकालात पानाच्या नावाखाली दिसण्यासाठीचा सारांश, जरूर लिहा, पण गुगल कित्येकदा ते सोडून पानातलं दुसरं वाक्य उचलतं. म्हणून पानातली वाक्यंच उचलण्यासारखी असू द्या. ग्राहकाच्या शब्दांत मथळे लिहिले असतील तर निम्मं काम आपोआप झालेलं असतं.

मंजुरीला गेला आणि गुळगुळीत होऊन आला

समस्या परत परत का उद्भवते याचं सगळ्यात मोठं कारण इथे सापडतं. पहिला मसुदा चांगला असतो. तो चारजणांकडे ‘कसा वाटतोय बघा’ म्हणून जातो. बघा म्हटल्यावर प्रत्येकाला काहीतरी सुचवणं भाग पडतं. कायदेशीर बाजू बघणारा ‘पैसे नाहीत’च्या जागी ‘अटी लागू’ घालतो. विक्रीवाला ‘आघाडीची’ परत आणतो. कोणाला ‘टकटक’ हा शब्द कंपनीला न शोभणारा वाटतो. प्रत्येक बदल एकेकटा क्षुल्लक असतो. शेवटी पान पुन्हा पेस्ट कंट्रोलला चालेल असं होऊन बसतं.

यावर मला लागू पडलेला उपाय म्हणजे विचारायचा प्रश्न बदलणं. ‘कसं वाटलं?’ विचारू नका. तांत्रिक माणसाला विचारा, ‘यातलं काय चुकीचं आहे?’ कायदेशीर सल्लागाराला विचारा, ‘यातलं कोणतं आश्वासन आपल्याला पाळता येणार नाही?’ विक्रीवाल्याला विचारा, ‘ग्राहकाचा कुठला प्रश्न राहून गेलाय?’ प्रत्येकाला त्याच्या अखत्यारीतलंच विचारलं की शब्दांच्या आवडीनिवडी बऱ्याच कमी होतात. आणि ‘अटी लागू’ आलंच, तर ती अट कोणती ते तिथेच लिहून मागा. बहुतेकदा ती एका वाक्यात मावते.

मसुदा चांगला आहे की नाही हे आतल्या माणसांवर ठरवूही नका. तुमच्या कामाशी संबंध नसलेल्या चार-पाच जणांना पान थोडा वेळ दाखवा, मग झाका, आणि विचारा: इथे काय मिळतं? तुम्हाला गरज असती तर पुढे काय केलं असतं? उत्तरं चुकली तर पान चुकलं. जुन्या-नव्या आवृत्तीची एकाच वेळी चाचणी लावायचा मोह होतो, पण आठवड्याला मोजक्याच चौकशा येत असतील तर त्यातून येणारा आकडा निव्वळ योगायोगाचा असतो. त्यावर निर्णय घेऊ नका.

पान एकदा लागलं की त्याला मालक हवा. सेवेत काही बदललं, म्हणजे सात दिवसांचे पंधरा झाले किंवा तपासणीला पैसे घ्यायला लागलात, तर त्याच दिवशी पानावर बदल करणारी एक ठरलेली व्यक्ती. वर्षातून एकदा सगळा मजकूर नवा करण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

चौकशा वाढल्या, पण कामं मिळत नाहीत

हे सगळं केल्यावर येणारी ही नवी तक्रार आहे, आणि ती आली तर घाबरू नका. फोन वाजतोय, पण विचारणारे भलतेच आहेत. पानावर तुम्ही काय करता ते स्पष्ट झालंय, काय करत नाही ते राहिलंय. आपल्याच उदाहरणात, एसएसडीमधून (फिरती तबकडी नसलेल्या, चिपवर डेटा ठेवणाऱ्या डिस्कमधून) डिलीट केलेल्या फाइली बहुतेक वेळा परत मिळत नाहीत, कारण ट्रिम नावाची सोय चालू असली की तो भाग थोड्याच वेळात आतून मोकळा केला जातो. तरी एसएसडीवाल्यांचे फोन येत राहतात आणि दोन्हीकडचा वेळ जातो. मग फॉर्मच्या वर, खाली बारीक अक्षरांत नाही, एवढं लिहायचं: ‘एसएसडीमधून चुकून डिलीट केलेल्या फाइलींचं काम आम्ही घेत नाही. एसएसडी संगणकाला दिसतच नसेल तर मात्र फोन करा.’ विक्रीवाला म्हणेल की यामुळे चौकशा कमी होतील. होऊ देत, त्या कमी व्हायलाच हव्यात.